प्रकल्प नोंदी: स्टॉक ॲपमधले सगळे क्लिक एका जागी आणताना

४ ऑगस्ट

आमच्या मालाच्या नोंदी ठेवणाऱ्या अँड्रॉइड ॲपमध्ये बटणांचे क्लिक हाताळणारा कोड वेगवेगळ्या पद्धतींनी विखुरलाय, तो एका पद्धतीत आणायचं काम आज हातात घ्यायचं ठरवलं. टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने सकाळी विचारलं, "दादा, होम स्क्रीनवरचं जावक बटण दाबल्यावर नक्की कुठला कोड चालतो?" आणि मला ते पटकन सांगता आलं नाही. ॲक्टिव्हिटीत, म्हणजे त्या स्क्रीनचा कोड असलेल्या क्लासमध्ये, शोधलं, तिथे त्या बटणाचं नावच नाही, मग लेआउटची (स्क्रीनच्या मांडणीची) एक्सएमएल फाइल उघडली तर तिथे ऑनक्लिक ॲट्रिब्यूटमध्ये मेथडचं नाव लिहिलेलं, आणि ती मेथड आणखी वरच्या पॅरेंट क्लासमध्ये. एक बटण शोधायला तीन फाइली उघडाव्या लागल्या.

ॲप तीन वर्षं जुनं आहे, जावामध्ये आहे, आणि तीन-चार जणांचे हात त्याला लागलेत. प्रत्येकाने आपापल्या सवयीप्रमाणे क्लिक हाताळलेत. दुपारी बसून सगळे मोजले. एकूण ६१ ठिकाणी क्लिक आहेत, त्यातले २३ ॲक्टिव्हिटीने स्वतःच ऑनक्लिकलिसनर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) इम्प्लिमेंट करून एका मोठ्या स्विचमध्ये (बटणानुसार वेगळी केस निवडणाऱ्या रचनेत) घातलेले, १९ जागेवरच बिननावाचा म्हणजे अ‍ॅनॉनिमस क्लास लिहून, ११ एक्सएमएलमधून, आणि ८ बटरनाइफ या लायब्ररीच्या अ‍ॅनोटेशनने. चारही पद्धती चालतात, त्यात चूक कुठलीच नाही, पण चारही एकाच ॲपमध्ये असल्या की वाचणाऱ्याला दर वेळी आधी पद्धत ओळखावी लागते आणि मग काम शोधावं लागतं.

जावा सोडून कोटलिनवर जायचं का हा विषय निघाला, पण आत्ता नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय कशामुळे बिघडलं ते कळत नाही.

५ ऑगस्ट

एक्सएमएलवाले ११ आधी घेतले, कारण तेच सगळ्यात जास्त फसवतात. लेआउटमध्ये फक्त मेथडचं नाव लिहायचं असतं आणि मग बटण दाबल्यावर सिस्टम रिफ्लेक्शनने, म्हणजे ॲप चालू असताना नावावरून, त्या नावाची पब्लिक मेथड शोधते, जिला एकच व्ह्यू (स्क्रीनवरचा घटक) पॅरामीटर आहे अशी. दाबल्यावर शोधते, बिल्ड करताना नाही. म्हणजे नाव चुकलं तरी बिल्ड होतं, ॲप उघडतं, स्क्रीन दिसते, आणि बटणाला बोट लागलं की इल्लीगलस्टेटएक्सेप्शन ही एरर येऊन क्रॅश.

आपल्याकडे एक असाच प्रकार सापडला. रिपोर्टची स्क्रीन आधी ॲक्टिव्हिटी होती, मग कोणीतरी तिचा फ्रॅगमेंट, म्हणजे ॲक्टिव्हिटीच्या आत बसणारा स्क्रीनचा भाग, केला आणि मेथडसुद्धा फ्रॅगमेंटमध्ये हलवली, जे वाचताना अगदी बरोबर वाटतं. पण ही शोधाशोध व्ह्यूच्या कॉन्टेक्स्टमध्ये होते आणि तो कॉन्टेक्स्ट म्हणजे ॲक्टिव्हिटी, फ्रॅगमेंटकडे ती बघतच नाही. "मागील महिना" हे बटण क्वचित कोणी दाबतं म्हणून इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. मी दाबलं आणि लगेच क्रॅश झालं.

अकराच्या अकरा काढले, जावामध्ये सेटऑनक्लिकलिसनरने लावले. लेआउट फाइलीत आता फक्त दिसण्याच्या गोष्टी.

७ ऑगस्ट

आज स्विच. हे काम खरं तर टाळता आलंच नसतं, कारण अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनची (ॲप बिल्ड करणाऱ्या साधनाची) ८ वरची आवृत्ती घेतली आणि होम स्क्रीनच्या फाइलीत प्रत्येक केसवर एरर आली, कॉन्स्टंट एक्स्प्रेशन पाहिजे म्हणून. कारण असं की प्लगइन ८.० पासून आर क्लासमधले (बटणांचे आयडी ठेवणाऱ्या, आपोआप बनणाऱ्या क्लासमधले) आयडी डिफॉल्टने फायनल (न बदलणारे) नसतात, आणि जावाच्या स्विचमध्ये केसला पक्की कॉन्स्टंट किंमतच लागते. लायब्ररी मॉड्यूलमध्ये हे फार आधीपासून असंच होतं, आता मुख्य ॲपलाही लागू झालं. एक प्रॉपर्टी फॉल्सवर ठेवून जुनं वागणं परत आणता येतं, पण ते दुखणं अंगावर काढल्यासारखं आहे.

अँड्रॉइड स्टुडिओ (कोड लिहायचं साधन) एका क्लिकवर स्विचचं इफ-एल्स करून देतो. करून बघितलं. १७ इफची शिडी तयार झाली, एरर गेली, आणि तरी फाइल वाचायला पूर्वीइतकीच अवघड. मग ते परत फिरवलं आणि शांतपणे ती मेथड पहिल्या ओळीपासून वाचली.

३८० ओळींची एक ऑनक्लिक मेथड. त्यात "सेव्ह"ची केस एकटीच ४६ ओळींची, म्हणजे रिकामे रकाने तपासणं, संख्या शून्यापेक्षा मोठी आहे का बघणं, डेटाबेसमध्ये घालणं, टोस्ट (छोटा संदेश) दाखवणं, रकाने रिकामे करणं, सगळं तिथेच. स्विचच्या सगळ्या केसेसचा स्कोप एकच असतो, त्यामुळे एका केसमध्ये कोड नावाचं व्हेरिएबल घेतलं की दुसरीत तेच नाव घेता येत नाही, म्हणून पुढे कोड२, कोड३, कोडनवीन अशी नावं. आणि कोड३ मध्ये काय आहे हे कळायला वर १०० ओळी जावं लागतं.

यातच एक जुनी तक्रार सुटली. फोटो काढायचं बटण दाबलं की मागची यादी झटकन वर जाते असं वापरणारे लोक कित्येक महिने सांगत होते आणि आम्ही कॅमेऱ्याच्या कोडमध्ये शोधत होतो. फोटोच्या केसच्या शेवटी ब्रेक (इथेच थांब असं सांगणारा शब्द) नव्हता! कंट्रोल सरळ खालच्या "रिफ्रेश" केसमध्ये जात होता, यादी नव्याने लोड होत होती आणि स्क्रोल पहिल्या ओळीवर येत होता. एक शब्द राहिला होता फक्त.

मला वाटतं स्विच वापरणं ही मूळ अडचण नाहीच. कुठलं बटण कुठल्या कामाचं, आणि ते काम कसं करायचं, या दोन गोष्टी एकाच मेथडमध्ये कालवल्यात ही अडचण आहे. इफ-एल्स केलं तरी कालवण तेच राहतं.

८ ऑगस्ट

पद्धत ठरवली. प्रत्येक स्क्रीनमध्ये सेटअपक्लिक्स नावाची एकच मेथड, ऑनक्रिएटमध्ये (स्क्रीन तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) लेआउट लावून झाल्यावर लगेच बोलवायची, आणि तिच्यात एका बटणाला एकच ओळ. डावीकडे बटण, उजवीकडे लॅम्डा (बिननावाचा छोटा कोड), लॅम्डाच्या आत एकाच मेथडला कॉल. लॅम्डामध्ये दुसरी ओळ लिहायची वेळ आली तर ती ओळ खाली त्या मेथडमध्ये जाते. त्यामुळे होम स्क्रीन उघडली की १७ ओळींत सगळी बटणं आणि त्यांची कामं समोर दिसतात.

नावं कशी द्यायची यावर दुपारी बराच वेळ बोललो. नवीन मुलाचं म्हणणं होतं की ऑनसेव्हक्लिक्ड असं असावं म्हणजे क्लिकमधून येतं ते कळतं. मी म्हटलं, अरे, क्लिकमधून येतं हे सेटअपक्लिक्स वाचून कळतंच की, मेथडच्या नावात काम यायला हवं, म्हणून सेव्हएन्ट्री. यामागे कारण आहे. संख्येच्या रकान्यात कीबोर्डवरचं "डन" दाबलं तरी एन्ट्री सेव्ह व्हायला पाहिजे, आणि तिथे क्लिक नसतोच. जुन्या कोडमध्ये याच्यासाठी कोणीतरी ऑनक्लिकला बटण पॅरामीटर म्हणून देऊन कॉल केला होता, म्हणजे न दाबलेलं बटण दाबलं असं भासवलं होतं. आता दोन्हीकडून सरळ सेव्हएन्ट्री.

याच कारणाने मेथड रेफरन्स न वापरता लॅम्डा वापरायचं ठरलं. मेथड रेफरन्स, म्हणजे मेथडचं नुसतं नाव देणं, दिसायला सुटसुटीत आहे, पण मग मेथडला व्ह्यू पॅरामीटर घ्यावाच लागतो, तिला त्याची काही गरज नसली तरी. लॅम्डामध्ये व्ह्यू तिथेच थांबतो, आतपर्यंत जात नाही.

अ‍ॅनॉनिमस क्लासवाले १९ स्टुडिओनेच लॅम्डा करून दिले. जुन्या लोकांनी ते तसे का लिहिले होते हेही समजून घ्यायला हवं, लॅम्डाचा चांगला सपोर्ट अँड्रॉइड स्टुडिओ ३.० पासून आला, २०१७ मध्ये, आणि ज्यांचा हात त्याआधी बसलाय ते पुढेही तसंच लिहीत राहतात. बदलताना धिस (this) या शब्दाकडे मात्र लक्ष ठेवायचं. अ‍ॅनॉनिमस क्लासमध्ये धिस म्हणजे तो लिसनर असतो, लॅम्डामध्ये धिस म्हणजे बाहेरची ॲक्टिव्हिटी.

११ ऑगस्ट

बटरनाइफ काढलं. एकेकाळी याने फार मोठी सोय केली होती, पण आता ते डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नका असं ठरवलेलं) आहे आणि त्याचे लेखकच व्ह्यू बाइंडिंग (लेआउटमधली बटणं कोडमध्ये थेट देणारी सोय) वापरा म्हणतात. आठ ठिकाणं होती, तासाभरात झाली.

व्ह्यू बाइंडिंग चालू केल्यावर एक छान गोष्ट दिसली. स्कॅन बटण उभ्या लेआउटमध्ये आहे, आडव्यात कोणी ठेवलेलं नाही. पूर्वी फाइंडव्ह्यूबायआयडी आडव्यात नल (काहीच नाही) द्यायचं, त्यावर लिसनर लावायला गेलं की फोन आडवा केल्या केल्या नलपॉइंटरची एरर. बाइंडिंगमध्ये त्या फील्डवर आपोआप नलेबल (नल असू शकतं अशी खूण) येतं आणि स्टुडिओ पिवळी खूण दाखवतो. तेवढ्या एका ओळीला इफ लावलं.

१३ ऑगस्ट

आजचा दिवस रिसायकलरव्ह्यूचा, म्हणजे लांब याद्या दाखवणाऱ्या घटकाचा, आणि आज जे सापडलं त्याने खरंच धस्स झालं, कारण यात लोकांचा डेटा जात होता.

मालाच्या यादीत प्रत्येक ओळीवर डिलीटचा आयकॉन आहे. त्याचा लिसनर ऑनबाइंडव्ह्यूहोल्डरमध्ये (ओळीत डेटा भरणाऱ्या, म्हणजे ती बाइंड करणाऱ्या मेथडमध्ये) लावलेला होता आणि त्यात पॅरामीटरमधून आलेली पोझिशन तशीच पकडून ठेवली होती. वाचताना काही वावगं दिसत नाही. पण समजा यादी अशी आहे: नट, बोल्ट, वॉशर, स्क्रू, खिळे. पोझिशन ० पासून ४. बोल्ट डिलीट केला, यादीतून १ नंबर गेला, ॲडॉप्टरला (यादीतला डेटा ओळींत बसवणाऱ्या क्लासला) नोटिफायआयटमरिमूव्ह्ड सांगितलं. आता वॉशर १ वर सरकला. पण नोटिफायआयटमरिमूव्ह्ड उरलेल्या ओळी पुन्हा बाइंड करत नाही, फक्त वर सरकवून दाखवतो, त्यामुळे वॉशरच्या लिसनरला अजूनही आपण २ आहोत असंच वाटतं. आता वॉशरचा आयकॉन दाबला तर २ नंबर डिलीट होतो, आणि २ वर आता स्क्रू आहे. दाबला वॉशर, गेला स्क्रू. आणि शेवटचे खिळे दाबले तर यादीच्या बाहेरचा नंबर मागितला जातो आणि क्रॅश.

मी हे फोनवर करून बघितलं, तीन वेळा, प्रत्येक वेळी तसंच झालं. दुसऱ्या एका यादीत हेच कोणाच्या तरी लक्षात आलं असावं कारण तिथे नोटिफायडेटासेटचेंज्ड लिहिलंय, ज्याने सगळ्या ओळी पुन्हा बाइंड होतात आणि चूक झाकली जाते, पण सरकण्याचं अ‍ॅनिमेशन जातं आणि एका ओळीसाठी सगळी यादी नव्याने बांधली जाते.

बरोबर पद्धत अशी लावली. लिसनर ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डरमध्ये, म्हणजे होल्डर (एका ओळीचा साचा) तयार होतो तेव्हा एकदाच. स्क्रोल करताना तोच होल्डर पुन्हा पुन्हा वापरला जातो, प्रत्येक बाइंडला नवीन लिसनर बनवायची गरजच नाही. आणि पोझिशन आधी पकडून ठेवायची नाही, दाबल्याच्या क्षणी होल्डरलाच विचारायची, गेटबाइंडिंगॲडॉप्टरपोझिशन. जुनी गेटॲडॉप्टरपोझिशन आता डेप्रिकेटेड आहे. आलेलं उत्तर नो_पोझिशन, म्हणजे उणे १, आहे का ते बघायचं, कारण ओळ डिलीट होऊन अ‍ॅनिमेशन चालू असताना ती थोडा वेळ स्क्रीनवर दिसत असते आणि घाईत बोट तिच्यावर पुन्हा पडू शकतं.

ॲडॉप्टरने स्वतः काहीच डिलीट करायचं नाही हेही ठरवलं. एक छोटा इंटरफेस केला, त्यात दोनच मेथड, ओळ उघडा आणि ओळ काढा, आणि दोन्हीत पोझिशन न देता सरळ वस्तूच द्यायची. कारण काढण्याआधी आम्ही "नक्की काढायचं?" असा डायलॉग दाखवतो, आणि माणूस डायलॉग वाचतोय तेवढ्यात मागे सिंक होऊन यादी बदलली तर पोझिशन पुन्हा चुकीची ठरते. वस्तूचा आयडी बदलत नाही.

वापरणाऱ्यांना आजच अपडेट पाठवलं, बाकीचं काम व्हायची वाट न बघता. सोबत काय चुकत होतं ते स्पष्ट लिहिलं आणि मालाची यादी एकदा तपासून घ्या असंही लिहिलं.

१४ ऑगस्ट

सेव्हएन्ट्री वेगळी झाल्यामुळे दिसलं की डेटाबेसमध्ये लिहिण्याचं काम मेन थ्रेडवर (स्क्रीन चालवणाऱ्या मुख्य धाग्यावर) चाललंय. रूम ही डेटाबेसची लायब्ररी हे डिफॉल्टने करू देत नाही, पण कोणीतरी अलाउमेनथ्रेडक्वेरीज लावून ती अट काढून टाकली होती. क्लिकचा कोड मेन थ्रेडवरच चालतो, तो अडकला की स्क्रीन गोठते, आणि ५ सेकंद स्पर्शाला उत्तर मिळालं नाही तर ॲप प्रतिसाद देत नाही असा सिस्टमचा डायलॉग येतो. लिहिणं एक्झिक्युटरवर, म्हणजे मागे चालणाऱ्या थ्रेडवर, हलवलं.

हलवल्यावर एक नवीन गोष्ट झाली, पटकन दोनदा दाबलं की दोन एन्ट्री. पूर्वी पहिलं दाबणं पूर्ण व्हायचं, रकाने रिकामे व्हायचे, आणि दुसरं दाबणं रिकाम्या रकान्यांवर अडायचं. आता लिहिणं मागे चालू असताना रकाने भरलेलेच असतात.

पहिला उपाय म्हणून एक छोटा लिसनर क्लास केला, शेवटच्या क्लिकची वेळ ठेवतो आणि ६०० मिलिसेकंदांच्या आतलं दुसरं क्लिक सोडून देतो. वेळ घेताना एलॅप्स्डरिअलटाइम (फोन सुरू झाल्यापासूनचा वेळ) घेतला, करंटटाइममिलिस (घड्याळातली वेळ) नाही, कारण फोनचं घड्याळ कोणी मागे केलं तर बटण कितीतरी वेळ मुकं राहील.

पण संध्याकाळी विचार केला की हे पुरेसं नाही, लिहायला ६०० पेक्षा जास्त वेळ लागला तर पुन्हा तेच. म्हणून सेव्हएन्ट्रीच्या सुरुवातीला बटण डिसेबल, काम संपल्यावर, एरर आली तरी, एनेबल. आणि प्रत्येक एन्ट्रीला फॉर्म उघडतानाच एक युनिक की दिली, डेटाबेसमध्ये त्यावर युनिक इंडेक्स (तीच की दोनदा न घेणारी अट), म्हणजे कीबोर्डवरच्या "डन"मधून दुसऱ्यांदा आली तरी ती आत जाणार नाही. वेळ मोजणारा क्लास फक्त नवीन स्क्रीन उघडणाऱ्या बटणांसाठी ठेवला, तिथे तोच योग्य आहे.

१८ ऑगस्ट

डायलॉग. एका ॲक्टिव्हिटीने व्ह्यूचा ऑनक्लिकलिसनर आणि डायलॉगइंटरफेसचा ऑनक्लिकलिसनर दोन्ही इम्प्लिमेंट केलेले, दोघांची मेथड ऑनक्लिकच, एकीला व्ह्यू आणि दुसरीला डायलॉग व नंबर. शोध घेतला की दोन्ही सापडायच्या. दोन्ही काढल्या, लॅम्डा लावले.

संख्या बदलायच्या डायलॉगमध्ये चुकीचा आकडा टाकला तरी "ठीक आहे" दाबल्यावर तो बंद व्हायचा, कारण अलर्टडायलॉगचं बटण आपला लिसनर चालवून झाल्यावर डायलॉग स्वतःच बंद करतं. बिल्डरमध्ये लिसनर नल ठेवला आणि शो झाल्यावर गेटबटणने ते बटण घेऊन त्यावर साधा लिसनर लावला. आता आकडा बरोबर असेल तरच बंद होतो, नाहीतर रकान्यावर एरर दिसते.

लोडिंगच्या पारदर्शक पडद्याचा लिसनर काढल्यावरसुद्धा खालची बटणं कधीकधी दाबली जात नव्हती, ते आज कळलं. पडद्याला लिसनर लावला की तो क्लिकेबल होतो, आणि नंतर लिसनर नल केला तरी क्लिकेबल तसाच राहतो, बोट तोच गिळतो. सेटक्लिकेबल फॉल्स वेगळं लिहावं लागतं.

२० ऑगस्ट

टॉकबॅक (न दिसणाऱ्यांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) चालू करून, डोळे मिटून, सगळं ॲप एकदा फिरलो. अधिक-उणेची दोन बटणं काहीच करेनात. कोडमध्ये त्यांना क्लिक नाही, टचलिसनर लावलेला, बोट उचललं की संख्या वाढव असा. टॉकबॅकमध्ये दोनदा टॅप केलं की सिस्टम परफॉर्मक्लिक बोलवते, टचचे इव्हेंट तिथपर्यंत येत नाहीत. म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला आमच्या ॲपमध्ये संख्या वाढवताच येत नव्हती, तीन वर्षं. हे मला फार लागलं. दोन्ही क्लिकवर आणली, कॉन्टेंट डिस्क्रिप्शन (टॉकबॅकने वाचायचं वर्णन) लिहिलं, आणि बटणं ३२ डीपीची (डीपी हे स्क्रीनवरच्या आकाराचं माप) होती ती ४८ केली.

मोजताना ही दोन धरलीच नव्हती, कारण मी फक्त क्लिक शोधत होतो. एकूण ६३.

२२ ऑगस्ट

सगळ्या स्क्रीन झाल्या, छपाईची सोडून, ती लायब्ररी मॉड्यूलमध्ये आहे आणि पुढच्या आठवड्यात घेतो. होम स्क्रीनची ऑनक्लिक मेथड आता नाहीच, १७ ओळींची सेटअपक्लिक्स आहे आणि खाली १७ छोट्या मेथड, सगळ्यात मोठी २२ ओळींची.

दुपारी नवीन मुलाला "माल परत" हे बटण घालायला सांगितलं. त्याने लेआउटमध्ये बटण ठेवलं, सेटअपक्लिक्समध्ये एक ओळ आणि खाली परतएन्ट्री मेथड लिहिली, आणि एकदाही काही न विचारता रिव्ह्यूला पाठवलं. मी एकच बदल सुचवला, काम चालू असताना बटण डिसेबल करायचं राहिलं होतं.